पाचशे एकोणचाळीस रेनडिअर

तुमच्याही व्हॉट्सॲपवर हे फोटो येऊन गेले असणार. नाताळची सुट्टी, ट्रॉम्सो नाहीतर रोव्हानिएमी, गुडघाभर बर्फ, भाड्याने घेतलेला जाडजूड सूट आणि शेजारी निर्विकार चेहऱ्याचा एक रेनडिअर. 'सामी अनुभव' या नावाखाली अडीच-तीन तासांचा कार्यक्रम असतो. लाव्वू नावाच्या शंकूसारख्या तंबूत शेकोटी, रेनडिअरच्या मांसाचं बिदोस नावाचं कालवण (आपल्या शाकाहारी मंडळींना भाज्यांचं सूप), एखादा योइक म्हणजे सामींचं गाणं, आणि स्लेजमधून एक फेरी. मीही हे सगळं केलं आहे. ट्रॉम्सोला परिषदेला गेले होते, तिथून दोन दिवस काढून आल्ताला गेले आणि फोटोही काढले.

कार्यक्रम संपल्यावर कप गोळा करणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? आता इंडिया सांगायचं की अमेरिका, हा आपला नेहमीचा घोळ. मी दोन्ही सांगितलं. अमेरिकेत कुठे, तर सिॲटल. त्या हसल्या. म्हणाल्या, "सिॲटलपर्यंत आमचे रेनडिअर गेले होते. एकही परत आला नाही."

मला वाटलं, काहीतरी लोककथा असेल. परत आल्यावर शोधलं, तर ती कथा नव्हती. ज्या वुडलँड पार्कमध्ये मी रविवारी चालायला जाते, जिथे आज शहराचं प्राणिसंग्रहालय आहे, तिथेच १८९८च्या मार्च महिन्यात पाचशेहून जास्त रेनडिअर चरत होते आणि त्यांना राखायला आलेली सामी कुटुंबं उतरली होती. सिॲटलचे लोक त्यांना बघायला गर्दी करत होते. म्हणजे सामी लोकांना 'पाहुणा म्हणून' बघायचा कार्यक्रम माझ्या घराजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता. फरक इतकाच की बघणारे घरचे होते आणि ज्यांना बघायचं ते परगावचे.

तर ती हकिगत सांगते. ती सामींची आहे, पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती बऱ्याच ठिकाणी ओळखीची वाटेल.

आधी थोडी ओळख. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प इथले मूळ रहिवासी. त्यांच्या प्रदेशाला ते साप्मी म्हणतात. 'लॅपलँड' हे नाव पर्यटन कंपन्यांना प्रिय असलं, तरी माणसांना 'लॅप' म्हणणं हा अपमान समजला जातो. सगळे सामी रेनडिअर पाळत नाहीत. किनाऱ्यावरच्या कितीतरी जणांचं आयुष्य मासेमारीवर चाललं. पण जे पाळत, त्यांचं जगणं आपल्या धनगरांसारखं होतं, ऋतूप्रमाणे कळपामागून चालत जाण्याचं. हिवाळ्यात आतल्या पठारावर, उन्हाळ्यात समुद्रकिनारी. मग देशांच्या सीमा पक्क्या झाल्या. १८५२ साली नॉर्वे आणि (तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या) फिनलंडमधली सीमा कळपांसाठी बंद झाली, १८८९ साली फिनलंड-स्वीडन सीमाही. ज्या कुरणात आजोबांनी कळप नेला, ते एका सकाळी परदेश झालं. कुरणं आक्रसली, आणि आल्ताच्या दक्षिणेला असलेल्या काउतोकेइनोसारख्या गावांत एका जागी फार कळप आणि फार माणसं साचली. दुसरीकडे नॉर्वेतल्या शाळांतून सामी भाषा हद्दपार होत होती. परदेशी कुणी नोकरी देतो म्हणाला, तर कान टवकारावेत अशी ही परिस्थिती होती.

नोकरी द्यायला आला अलास्का. अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून अलास्का विकत घेतलं. त्यानंतर व्यापारी जहाजांनी तिथल्या समुद्रातले देवमासे आणि वॉलरस इतके मारले की किनाऱ्यावरच्या इनुपिआक लोकांच्या खाण्याची भ्रांत पडली. अलास्काच्या शिक्षणाची जबाबदारी शेल्डन जॅक्सन या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याकडे होती. सरकारी जहाजाचा कप्तान मायकल हीली याच्या साथीने त्याने तोडगा काढला. सामुद्रधुनीपलीकडच्या सायबेरियातून रेनडिअर आणायचे आणि शिकाऱ्यांना पशुपालक बनवायचं. १८९२ साली पोर्ट क्लॅरेन्सला टेलर स्टेशन उघडलं आणि पहिल्या उन्हाळ्यात १७१ रेनडिअर उतरले. शिकवायला सायबेरियातले चुकची लोक आणले होते. ते जॅक्सनला पटेनात, इनुपिआकांचं आणि त्यांचंही जुनं वाकडं होतं. मग जॅक्सनने स्कँडिनेव्हियन वर्तमानपत्रांतून चौकशी केली आणि विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या विल्यम केलमन या नॉर्वेजियन माणसाला काउतोकेइनोला पाठवलं. १८९४च्या उन्हाळ्यात पहिली मोजकी सामी कुटुंबं आपले कुत्रे घेऊन, अटलांटिक आणि सबंध अमेरिका ओलांडून टेलरला पोचली.

त्यांच्या अटींपैकी एक मला फार आवडते. ते पक्के लूथरन होते, त्यामुळे त्यांना आपला पाद्री हवा होता. म्हणून टोलेफ ब्रेव्हिग नावाचा नॉर्वेजियन-अमेरिकन पाद्री त्याच वर्षी तिकडे गेला. त्याच्या नावाने वसलेलं गाव म्हणजे ब्रेव्हिग मिशन.

इथे थोडं विषयांतर करते. मी विषाणूंवर काम करते, आणि ब्रेव्हिग मिशन हे नाव आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला पाठ असतं. १९१८च्या नोव्हेंबरमध्ये फ्लूने या गावातल्या ८० प्रौढांपैकी ७२ जणांना पाच दिवसांत नेलं. गोठलेल्या जमिनीत त्यांचं दफन झालं. योहान हुल्टिन १९५१ साली आणि पुन्हा १९९७ साली तिथे गेला. दुसऱ्या खेपेला मिळालेल्या फुप्फुसाच्या ऊतींमुळे त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचता आली. 'ए/ब्रेव्हिग मिशन/१/१९१८' हे नाव मी कित्येक वर्षं टाइप करत आले. पण हा ब्रेव्हिग कोण, तिथे कशाला गेला होता, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सामी राखणदारांना आपल्या पंथाचा पाद्री हवा होता म्हणून तो गेला होता.

आता १८९८. क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्यामुळे हजारो माणसं युकॉनच्या खोऱ्यात घुसली होती. डॉसन शहरात लोक उपाशी मरणार अशी आवई उठली. अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर १८९७मध्ये दोन लाख डॉलर मंजूर केले आणि ठरलं की रेनडिअरच्या स्लेजवरून अन्न पोचवायचं. जॅक्सन आणि केलमन नॉर्वेला धावले. ४ फेब्रुवारी १८९८ रोजी आल्ताजवळच्या बोसेकोप बंदरातून 'मॅनिटोबन' जहाज निघालं. त्यावर ५३९ रेनडिअर, ४१८ स्लेज आणि ११३ माणसं. माणसांत सामी बरेच, शिवाय काही फिन आणि नॉर्वेजियन, बायका-मुलं धरून. रेनडिअर बहुतेक गाडीला जुंपायचे, खच्ची केलेले नर. म्हणजे आपल्या भाषेत बैल. त्यांच्यापासून कळप वाढायचा नव्हता, त्यांनी ओझं ओढायचं होतं.

हिवाळी अटलांटिकमध्ये जहाज हेलकावे खात होतं, तरी वाटेत एकच जनावर दगावलं. २७ फेब्रुवारीला न्यूयॉर्क, तिथून गुरांच्या डब्यांतून रेल्वेने सिॲटल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचले. आणि मग सरकारी कारभार सुरू झाला. डॉसनला दुष्काळ वगैरे नाही, मदतीची गरज नाही, असा निर्णय युद्धखात्याने तोवर घेऊन टाकला होता. पुढचं जहाज ठरलेलं नव्हतं. पाचशेहून जास्त रेनडिअर मधल्यामध्ये अडकले. त्यांना ठेवायला वुडलँड पार्क मिळालं. ती तेव्हा फिनी कुटुंबाची खासगी इस्टेट होती.

रेनडिअर हिवाळ्यात जगतो तो लायकेनवर, ज्याला इंग्रजीत चुकीने 'रेनडिअर मॉस' म्हणतात. हे शेवाळ नव्हे. शैवाल आणि बुरशी एकत्र नांदतात तेव्हा ते तयार होतं. तुमच्या फडताळात गोडा मसाला असेल तर त्यातलं दगडफूल याच जातकुळीतलं. नॉर्वेहून ते पोत्यांत भरून आणलं होतं, पण साठा संपत आला. पुढच्या प्रवासासाठी तो राखायचा म्हणून जनावरांना पार्कातलं हिरवं गवत खायला सोडलं. रेनडिअरच्या पोटातले जिवाणू जे खाणं चालू असेल त्याला सरावलेले असतात. महिनोन्‌महिने लायकेन खाल्लेल्या जनावराला एकदम ओलं गवत दिलं की ते आजारी पडतं. सामींना हे ठाऊक होतं. कागदांवर सही करणाऱ्यांना नव्हतं.

आणि याच दिवसांत सिॲटलकर बघायला येत होते. चार टोकांच्या टोप्या, निळ्यावर लाल-पिवळ्या फितींची गाक्ति, टोक वर वळलेले चामड्याचे बूट. शहरात वर्तमानपत्रं खपत होती. ही लोकांची हौस नवी नव्हती. पाच वर्षांपूर्वी, १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात, मिडवेवर 'लॅपलँड व्हिलेज' होतं. त्यात खरीखुरी सामी माणसं आणि रेनडिअर तिकीट लावून दाखवत. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाचा भाग म्हणून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आपल्याकडे शिकागो म्हटलं की ते भाषण आठवतं, आणि आठवावंच. पण ज्यांना व्यासपीठ मिळालं नाही, ज्यांना तंबूच्या दारात बसून लोकांच्या नजरा झेलायला लागल्या, तीही माणसं तिथेच, काही मैलांवर होती.

मार्चच्या मध्यावर रेनडिअर जहाजाने उत्तरेला अलास्कातल्या हेन्सला नेले. तिथे किनाऱ्याजवळ लायकेन नव्हतं. पुरवठा पोचेना. आतल्या डोंगराकडे हाकत न्यावं तर जनावरं उभी राहीनात. राखणदारांच्या डोळ्यांदेखत ती शेकड्याने मेली. उरलेल्यांना घेऊन हेडली रेडमायर आणि काही सामी, फिन डोंगर ओलांडून युकॉनकडे निघाले. जानेवारी १८९९मध्ये ते सर्कल सिटीला पोचले तेव्हा ५३९ पैकी ११४ रेनडिअर जिवंत होते. ज्या खाणकामगारांना वाचवायचं होतं, त्यांना वाचवायची गरज पडलीच नाही.

आल्ताच्या बाईंचं वाक्य म्हणजे हे.

बाकीची कुटुंबं दुसऱ्या वाटेने नॉर्टन उपसागराकडे गेली आणि उनालाक्लीटजवळ स्थिरावली. करार संपल्यावर काही जण नॉर्वेला परतले, काही राहिले. राहणाऱ्यांना सरकार किंवा मिशन रेनडिअर कर्जाऊ देई. ठरावीक वर्षांनी तेवढेच परत करायचे, वाढावा आपला. आपल्याकडे गाय अर्धलीने देतात त्यातलाच हा प्रकार. त्या बदल्यात इनुपिआक तरुणांना शिकवायचं. नर जनावर स्लेजला कसं जुंपायचं, फास कसा टाकायचा, मादीचं दूध कसं काढायचं, पिल्लाच्या कानाला आपल्या घरची खाच कशी करायची. सामींची कानखुणांची पद्धत म्हणजे एक लिपीच असते. कुठल्या कानाला, कुठे, कशी खाच, यावरून मालक कळतो.

शिकलेल्यांपैकी एक नाव सांगायलाच हवं. मेरी अँटिसारलूक, 'सिनरॉक मेरी'. नवरा चार्ली १९००च्या साथीत गेला. बाई, तीही इनुपिआक, म्हणून कळपावरचा तिचा हक्क नाकारायचा प्रयत्न झाला. ती भांडली, कळप राखला, उनालाक्लीटकडे नेला आणि वाढवला. पुढे तिला 'रेनडिअरची राणी' म्हणू लागले. १९४८ साली ती वारली. या सगळ्या प्रकरणात माझी आवडती व्यक्ती विचाराल तर हीच.

सोन्याचं थोडक्यात सांगते. १८९८च्या सप्टेंबरमध्ये नोमजवळच्या अँव्हिल क्रीकमध्ये ज्या तिघांना सोनं सापडलं, त्यांतला याफेट लिंडेबर्ग याच मोहिमेबरोबर नॉर्वेहून आला होता. बातमी ऐकून सामी राखणदारांनीही दावे नोंदवले. लगेच बोंब उठली की हे परदेशी, यांचे दावे बेकायदा. नॉर्थ डकोटाच्या सिनेटर हॅन्सब्रोने तर परक्यांचे दावे रद्द करणारं कलम कायद्यात घुसवायचा प्रयत्न केला. तो फसला. मग न्यायाधीश आर्थर नॉइज आणि त्याचा राजकीय आश्रयदाता अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी कोर्टाचा आधार घेऊन खाणी ताब्यात घेतल्या. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या वरिष्ठ न्यायालयाने मॅकेन्झीला तुरुंगात धाडलं. चित्रपटात शोभेल असं प्रकरण आहे, त्यावर कादंबरी आलीच.

त्यातला 'परका' हा शब्द मात्र पुढे चाळीस वर्षं सामींच्या मागे लागला. १९०८ साली मिनेसोटात जॉन स्वान नावाच्या फिन खाणकामगाराचं नागरिकत्व अडवलं गेलं. सरकारी वकिलाचं म्हणणं असं की फिन हे मंगोल वंशाचे, म्हणजे गोरे नाहीत. डलूथला न्यायाधीश विल्यम कँट यांनी ते फेटाळलं आणि फिन लोक कायद्याने गोरे ठरले. सामी भाषा ही फिनिशची दूरची नातलग, आणि त्या काळातले वंशशास्त्री सामींना फिनपेक्षाही खालच्या पायरीवर बसवत. अशा हवेत आपण सामी आहोत हे कोण बोलून दाखवेल? आणि पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १९२३मध्ये, त्याच प्रश्नावर भगतसिंग थिंद सर्वोच्च न्यायालयात हरले. हिंदी लोक गोरे नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, पण नाव वाचून आपण थबकतोच. पुढे पंडितांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायचा खटला झाला आणि तो त्यांनी १९२६ साली जिंकला. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवते आहे, कारण आपण आपला इतिहास सांगताना थिंदपाशी थांबतो. त्या रांगेत आपल्या पुढे कोण उभं होतं, हे बघत नाही.

अलास्कात कळप वाढत गेले. १९१४ साली लोमेन या मूळच्या मिनेसोटातल्या कुटुंबाने आल्फ्रेड निलिमा या सामी माणसाकडून मोठा कळप विकत घेतला आणि रेनडिअरचं मांस अमेरिकाभर विकायचा धंदा थाटला. तुम्हाला सांताक्लॉजची जी गाडी माहीत आहे, तिच्यात लोमेनचा हात आहे. आठ रेनडिअर १८२३ सालच्या एका इंग्रजी कवितेपासूनच छापील होते, ते खरं. पण १९२६ साली कार्ल लोमेनने मेसीज या दुकानाबरोबर नाताळची मिरवणूक काढली. त्यात सांता, खरे रेनडिअर आणि पारंपरिक वेशातले सामी सारथी होते. अशा मिरवणुका मग इतर शहरांतही निघाल्या. पोरांनी हात हलवले. त्या वेशाकडे बघणाऱ्या कितीजणांना ती खरीखुरी माणसं आहेत, सांताचे मदतनीस नव्हेत, असं वाटलं असेल देव जाणे. रोव्हानिएमीला आज सांताच्या गावात आपण जे बघतो, त्याचा एक धागा असा न्यूयॉर्कच्या दुकानातून गेलेला आहे.

कौशल्याची किंमत बघायची तर अँडी बार बघावा. १८९८च्या जहाजातून आलेला हा सामी. कॅनडा सरकारने लोमेनकडून तीन हजार रेनडिअर मागवले, मॅकेन्झी नदीच्या मुखाशी पोचते करायचे होते. बार तेव्हा सिॲटलला निवृत्त होऊन राहत होता. त्याला परत बोलावलं. डिसेंबर १९२९मध्ये कळप निघाला. दोनेक वर्षांत पोचू असा हिशोब होता, लागली पाचहून जास्त. वादळं, लांडगे, मूळ कुरणाकडे उलटं पळणारे कळप. मार्च १९३५मध्ये साधारण २,३७० जनावरं पोचली. त्यांतली बहुतेक वाटेतच जन्मलेली होती. निघालेल्यांपैकी थोडेच शेवटी होते.

आणि मग १ सप्टेंबर १९३७चा रेनडिअर कायदा.

हा कायदा मला सरळ चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहायला मला दोन वर्षं लागली. रेनडिअर इनुपिआकांसाठी आणले होते. प्रत्यक्षात ते सरकारकडे, मिशनांकडे, सामींकडे आणि शेवटी मोठ्या प्रमाणात लोमेनकडे गेले. कंपनीचे आणि गावांचे कळप मिसळले, कानखुणांवरून भांडणं झाली, गाववाले नाडले गेले. इनुपिआकांची तक्रार रास्त होती. कायद्याने ठरवलं की अलास्कात रेनडिअर फक्त मूळनिवासींचे असतील, बाकी सगळ्यांचे सरकार विकत घेईल. मूळनिवासी कोण? १८६७ साली अलास्कात राहणाऱ्या इंडियन, एस्किमो आणि अल्यूट लोकांचे वंशज, पूर्ण किंवा अंशतः. कॅनडातून नंतर आलेले इंडियन आणि एस्किमोसुद्धा चालले. सामी त्या यादीत नव्हते. म्हणजे जगातल्या एका मूळनिवासी समाजाला दुसऱ्या मूळनिवासी समाजाच्या हक्कासाठी 'गोरा' ठरवलं गेलं. लोमेन आणि सामी राखणदार एकाच रकान्यात. डोक्यामागे तीन-चार डॉलर मिळाले. ज्या घरात नवरा सामी आणि बायको इनुपिआक, तिथे या व्याख्येप्रमाणे बायकोला आणि मुलांना रेनडिअर ठेवता येत होते, नवऱ्याला नाही.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्कात साधारण ६,४०,००० रेनडिअर होते. १९५० साली २५,००० उरले. कुरणं आधीच ओरबाडलेली होती, लांडगे होते, कॅरिबूंच्या कळपात मिसळून पळून गेलेले रेनडिअर होते. सगळं खापर कायद्यावर फोडता येणार नाही. पण शिकवणारे काढून टाकले, त्याचा काहीच परिणाम झाला नाही असंही म्हणवत नाही.

बरीच सामी कुटुंबं मग दक्षिणेला आली. काही सिॲटलच्या बॅलर्डमध्ये, काही समोरच्या किटसॅप द्वीपकल्पावर पोल्सबोच्या आसपास. पोल्सबो स्वतःला 'लिटल नॉर्वे' म्हणवतं. तिथे सामी कुटुंबं बाहेर नॉर्वेजियन झाली, आणि घरातही हळूहळू नॉर्वेजियनच. मध्यपश्चिमेत मिशिगन, मिनेसोटात आलेल्या सामींचं असंच झालं होतं. प्रवाशांच्या याद्यांत ते नॉर्वेजियन, स्वीड, फिन म्हणूनच नोंदले गेले. नातवंडांना एखादा चांदीचा ब्रोच, एखादा न समजणारा शब्द, आजीची एखादी विचित्र सवय एवढंच मिळालं. १९९१ साली फेथ फिएल्ड यांनी 'बाइकी' हे उत्तर अमेरिकेतल्या सामींचं नियतकालिक सुरू केलं, तेव्हा अशी नातवंडं एकमेकांना सापडायला लागली. आता डलूथमध्ये सामी सांस्कृतिक केंद्र आहे. म्हणजे जिथे फिन गोरे ठरले, त्याच गावात. ६ फेब्रुवारीला, १९१७ साली ट्रॉन्डहाइमला भरलेल्या पहिल्या मोठ्या सामी परिषदेच्या आठवणीत, सामी राष्ट्रीय दिन असतो. तो अमेरिकेतही पाळतात. जवळ असाल तर जा.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला बॅलर्डच्या नॅशनल नॉर्डिक म्युझियममध्ये नेलं आणि वाटेत हे सगळं सांगत होते. टोक वळलेल्या बुटाचं चित्र मी फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "हे टोक शोभेला नाही हं. काहीतरी अडकवायला असणार." बरोबर होतं तिचं. स्कीचा पट्टा त्यात अडकतो. आत मोज्यांऐवजी वाळवलेलं गवत भरतात. मग ती बराच वेळ आमच्या गावाकडे दिवाळीनंतर रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांविषयी बोलत राहिली. तिचे वडील त्यांना मोबदल्यात धान्य द्यायचे. त्यांच्यातल्या एका म्हातारीला आजोबा 'आक्का' म्हणायचे, आणि ती आली की आधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस करायची. हल्ली ते येत नाहीत म्हणाली. वाटेत कुंपणं झाली. उद्घाटनांना गजी नृत्य मात्र असतं.

तिथून आम्ही वुडलँड पार्कला गेलो. रेनडिअरविषयीची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. आई बाकावर बसली, मी गवत बघत राहिले. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या व्हिसावर 'एक्स्चेंज व्हिजिटर' असं लिहिलेलं होतं. पाहुणी. करारावर आलेली, शिकवायला-शिकायला, मुदत संपली की परत जाणारी. आता मुदत वाढली आहे, कागद बदलले आहेत. पुढचं माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर रेनडिअर पाळणाऱ्या माणसाला 'तुमच्याकडे किती आहेत?' असं विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत असं विचारण्यासारखं ते असतं. या लेखात मी जे आकडे दिले, ५३९, ११४, सहा लाख चाळीस हजार, ते सगळे सरकारी दप्तरांतले आहेत. मोजणाऱ्यांचे.

मला हे आल्ताला माहीत नव्हतं. त्या बाईंना तो प्रश्न मी शेकोटीपाशी बसून, अगदी सहज विचारला होता. त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाल्या, "झाडाच्या या बाजूला थोडे, त्या बाजूला थोडे."